रस्ता रुंद नको, ओलांडता येईल असा हवा

मार्च २०२५ मध्ये आमच्या रस्त्याचं काम पूर्ण झालं, आणि त्यानंतरचा पावसाळाही त्यावरून गेला. काम चालू असल्यापासून अनेकांनी विचारलं, हे नेमकं कुणाकडे जाऊन करून घेतलंत? तोंडी सांगताना दरवेळी काहीतरी सुटतं, म्हणून तारखा, कागद, खर्च आणि कुठे किती थांबावं लागलं ते क्रमाने लिहून ठेवतो. गोष्ट सांगलीतली आहे, पण कागदांचा प्रवास मिरजेत, कराडला किंवा साताऱ्यातही बराचसा असाच होतो.

रस्त्याचं नाव लिहीत नाही. दुकानदार, गाडेवाले, रिक्षावाले यांच्यात या काळात खूप वादावादी झाली, आता सगळं निवळलंय, ते पुन्हा ढवळायचं नाही. विश्रामबागेपासून फार लांब नाही एवढं सांगितलं तरी पुरे. एका टोकाला शाळा, मध्ये भाजी-फुलांचे गाडे, दवाखाने, रिक्षा थांबा, सिटी बसचा थांबा आणि दोन्ही बाजूंना दुकानं. माझं औषधाचं दुकान बरोबर कोपऱ्यावर आहे. या कोपऱ्यावर कुणी पडलं की पहिला कापूस आणि पहिलं बँडेज माझ्याच दुकानातून जातं. २०२२ च्या डिसेंबरात एका निवृत्त शिक्षिकाबाईंना मोटारसायकलने उडवलं, खुब्याचं हाड मोडलं. त्या माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येत होत्या. त्या आठवड्यात मी ठरवलं की नुसती हळहळ पुरे झाली.

आमच्याकडे अपघात झाला की दोनच मागण्या होतात. एक, स्पीडब्रेकर घाला. दुसरी, रस्ता रुंद करा. या दोन्ही मागण्या घेऊन लोक आधी जाऊन आले होते, त्यांचे अर्ज फायलीत पडून होते. मी अर्ज लिहिण्याआधी रस्ता मोजायचं ठरवलं. जानेवारी २०२३ मधल्या एका रविवारी पहाटे, गाड्या नसताना, पुतण्याला घेऊन टेप धरली. पन्नास मीटरची फायबरची टेप हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. पायरीपासून समोरच्या पायरीपर्यंत अठरा मीटर भरले. फूटपाथ म्हणून जे काही उरलं होतं ते वगळून डांबरी भाग चौदा मीटर. मध्ये दुभाजक नाही, थांबायला जागा नाही.

मग हिशेब मांडला. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या गणितात धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. चौदा मीटरला बारा सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाचा वेग ०.८ मीटर धरला तर साडेसतरा सेकंद. ताशी ४० किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला अकरा मीटर कापते. म्हणजे बाईंनी पहिलं पाऊल टाकलं तेव्हा जी गाडी जवळजवळ दोनशे मीटर लांब, शाळेच्याही पलीकडे होती, ती त्या समोर पोचायच्या आत त्यांच्या अंगावर येऊ शकते. दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडा असं आपण म्हणतो, पण दोनशे मीटरवरचं कुणाला दिसणार? रस्ता आणखी रुंद केला असता तर हा वेळ वाढलाच असता, आणि मोकळा रस्ता बघून गाड्याही जोरात गेल्या असत्या. तेव्हापासून माझी मागणी एकच राहिली: ओलांडायचं अंतर कमी करा. पुढे जे काही झालं ते या एका वाक्याभोवती झालं.

फेब्रुवारीत पहिला प्रश्न आला, रस्ता कुणाचा? शहरातला रस्ता महापालिकेचाच असेल असं धरून चालू नका. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, काही राष्ट्रीय महामार्गात येतात, आणि एकाच चौकात दोन मालक असू शकतात. चुकीच्या दारात अर्ज दिला तर तो महिनोन्‌महिने तिथेच राहतो. माहितीच्या अधिकारात विचारणं सगळ्यात सोपं. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा. मी विचारलं की रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, विकास आराखड्यात त्याची रुंदी किती, शेवटचं डांबरीकरण कधी झालं आणि त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने फुकट दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तरी कायद्याच्या कलम ६(३) नुसार त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ते कलम अर्जाच्या शेवटी लिहून ठेवावं. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. एका कार्यालयाकडून ती टळली, मग २० रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील केलं, आणि सुनावणीच्या आधीच कागद हातात आले. नकलांना पानाला २ रुपये पडतात. रस्ता महापालिकेचा निघाला, पण मोठ्या रस्त्याला जिथे मिळतो तो तुकडा दुसऱ्या खात्याचा. मे महिना यातच गेला.

पोलिसांकडून अपघातांची नोंद मागवली तर हाती फार थोडं आलं. जिथे गुन्हा दाखल होतो तिथलीच नोंद असते. गुडघा फुटला, हात मुरगळला, आरसा तुटला, समोरच्याने पाचशे रुपये दिले आणि मिटलं, याची नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे मी दुकानात एक वही ठेवली. तारीख, वेळ, पायी की दुचाकी, कोपऱ्यावर की बसथांब्यासमोर, पाऊस होता का, एवढेच रकाने. नाव नाही, गाडीचा नंबर नाही. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी ही वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. पुढे बैठकीत माझ्या भाषणाने काही झालं नाही, वहीने झालं.

एका अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावलं, 'हा ब्लॅक स्पॉट नाही हो.' त्यांचं बरोबरच होतं. केंद्राच्या व्याख्येत राष्ट्रीय महामार्गाच्या ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, तर ब्लॅक स्पॉट. ऐकून मला वाईट वाटलं, रागही आला. माणसं मरेपर्यंत थांबायचं का? पण रागाने फाईल हलत नाही. मी परत येऊन अर्ज पुन्हा लिहिला. देशात २०२१ मध्ये रस्ते अपघातांत १,५३,९७२ माणसं गेली, त्यांतली २९,१२४ पायी चालणारी होती, हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा पहिल्या परिच्छेदात घातला. पादचारी सुविधांसाठी आयआरसी १०३, गतिरोधकांसाठी आयआरसी ९९, पट्ट्यांसाठी आयआरसी ३५ हे क्रमांक दिले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८अ रस्त्याच्या रचनेची आणि देखभालीची जबाबदारी संबंधित यंत्रणेवर टाकतं, तेही नमूद केलं. धमकी म्हणून नाही. कनिष्ठ अभियंत्याला वर टिपणी लिहून पाठवायची असते, त्याला आधार लागतो. आपल्या अर्जातला परिच्छेद त्याला जसाच्या तसा टिपणीत उतरवता आला पाहिजे, अशा बेताने अर्ज लिहावा. आणि पोच घेतल्याशिवाय, आवक क्रमांक टाकून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

ऑगस्ट २०२३ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. नगरसेवकांमार्फत विषय सभेत न्यायची वाट बंद झाली. मग थेट शहर अभियंत्यांकडे अर्ज, आणि त्याची प्रत महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात. तिथे अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. याचा उपयोग इतकाच, की कागदावर तारीख पडते आणि उत्तर द्यावं लागतं.

ऑक्टोबरात कनिष्ठ अभियंता स्थळ पाहणीला आले. तरुण माणूस, संध्याकाळी सहाला या म्हटलं तर खरंच सहाला आले. तासभर कोपऱ्यावर उभे राहिले. माझी आकडेमोड पाहून झाल्यावर म्हणाले, 'बाकी सगळं ठीक आहे ओ, पण पाणी कुठनं काढायचं ते सांगा.' हा प्रश्न मला तेव्हा बाजूचा वाटला. पुढच्या सगळ्या आराखड्यात तोच मध्यभागी होता. सांगलीत जमीन सपाट, उतार जेमतेम. रस्त्यात काहीही उंच केलं की पाणी तुंबतं, आणि तुंबलेलं पाणी दिसलं की लोक दुसऱ्या दिवशी ते उखडायला लावतात.

रहदारीची मोजणी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या सिव्हिलच्या मुलामुलींनी केली. त्यांना प्रकल्प हवा होता, आम्हाला आकडे. एक कामाचा दिवस आणि एक शनिवार, सकाळी आठ ते दहा, संध्याकाळी पाच ते आठ, दर पंधरा मिनिटांचा वेगळा हिशेब. चहा-नाश्त्याचा खर्च माझा. दोन गोष्टी अशा निघाल्या की सगळेच चकित झाले. संध्याकाळच्या गर्दीच्या तासात या रस्त्यावरून जाणाऱ्या चारचाकींपेक्षा रस्ता ओलांडणारी माणसं जास्त होती. आणि त्यांतली बहुतेक झेब्रा पट्ट्यावरून जातच नव्हती. पट्टा होता कोपऱ्यावर, माणसं ओलांडत होती तीसेक मीटर अलीकडे, बसमधून उतरून सरळ दवाखान्याकडे. लोकांना शिस्त नाही असं म्हणायचं सोडून पट्टाच तिथे न्यायला हवा, हे एका मुलीने नकाशावर ठिपके काढून दाखवलं. तो नकाशा मी अजून जपून ठेवलाय.

दिवाळी झाल्यावर दुकानदारांची बैठक गणपती मंडळाच्या खोलीत घेतली. ती अवघड गेली. सगळे ओळखीचे, वर्षानुवर्षांचा शेजार. किराणावाले आण्णा म्हणाले, 'पार्किंग काढलंस तर गिऱ्हाईक थांबंल का रे? सरळ पुढं जाईल.' त्यांच्या काळजीत खोट नव्हती, दुकानावर घर चालतं. मी म्हटलं, आपण आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू, कशाने आलात? बिलबुकाच्या मागच्या पानावर तीन रकाने आखायचे: पायी, दुचाकी, चारचाकी. मी, आण्णा आणि बेकरीवाला, तिघांनी केलं. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक पायी येतं, उरलेलं बरंचसं दुचाकीवर, आणि मोटारीतून येणारं अगदीच थोडं, असं तिन्ही वह्यांत निघालं. मग दारातल्या मोटारी कुणाच्या? आण्णांनीच वही मिटून सांगितलं, 'माझीच गाडी सकाळी नऊला लागतीया ती रात्री नऊला निघतीया.' त्या दिवसानंतर आण्णा माझ्या बाजूने बोलायला लागले. ज्यांना विरोधक समजून टाळायचा मोह होतो, त्यांच्या हातात मोजणीची वही द्यावी. माणूस स्वतः मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो.

जिल्हा रस्ता सुरक्षा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. पोलीस, आरटीओ, बांधकाम विभाग, महापालिका सगळे एका टेबलाशी येतात, म्हणून तिचं महत्त्व. नागरिकाला तिथे सहज उभं राहता येत नाही, विषयपत्रिकेत विषय घ्यावा लागतो. आम्ही वाहतूक शाखेमार्फत पत्र दिलं. जानेवारी २०२४ मध्ये विषय आला. मला थोडा वेळ बोलायला मिळालं. तीन कागद पुढे केले: वहीची गोषवारा-पट्टी, मुलांचा नकाशा, दुकानदारांच्या सह्यांचं पत्र. बांधकाम आत्ता नको, आधी कोन, म्हणजे रहदारी वळवायला रस्त्यावर ठेवतात ते शंकू, आणि चुना टाकून पंधरवडाभर करून बघू, असं आम्ही मागितलं. पक्कं बांधकाम मागितलं की निधीपासून सगळं आडवं येतं. प्रयोगाला हो म्हणणं अधिकाऱ्यांनाही सोपं जातं, कारण नको वाटलं तर संध्याकाळी उचलता येतं. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात, त्या दिवशी वाहनं बंद असतात. त्याचं उदाहरण दिल्यावर 'आपल्याकडे कसं चालेल' हा प्रश्न जरा मवाळ झाला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रयोग झाला. कोन वाहतूक शाखेने दिले. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून आम्ही कडा आखल्या, आत चुन्याचे पट्टे. वाळू, चुना, दोरी आणि फलक धरून खर्च साडेतीन हजारांच्या आसपास, तो दुकानदारांनी वाटून घेतला. जिथे लोक ओलांडतात तिथे दोन्ही बाजूंचा फूटपाथ दोन-दोन मीटर पुढे आणला. चौदाचे दहा झाले. मध्ये दीड मीटरचा थांबा ठेवला. आता एका दमात ओलांडायचं अंतर फक्त सव्वाचार मीटर. सावकाश चालणाऱ्यालाही पाच-सहा सेकंद पुरतात, मग मध्ये थांबायचं, दुसऱ्या बाजूला बघायचं, पुढे जायचं. दोन्हीकडे एकदम बघायची गरज नाही.

कोपराही आवळला. आधी वळण इतकं मोकळं आणि गोल होतं की मोटारसायकली वेग कमी न करता आत घुसायच्या. त्रिज्या कमी केली की वळताना ब्रेक लावावाच लागतो. पण इथे अग्निशमन दलाने रास्त हरकत घेतली, बंब वळणार का? कागदावर वाद घालण्यापेक्षा सकाळी बंबच बोलावला. अख्खा रस्ता बघायला जमला. चालकांनी पहिल्यांदा वळवला तेव्हा मागच्या चाकाखाली दोन कोन गेले. खाली उतरून त्यांनी पायाने चुन्यावर नवी रेघ ओढली. 'मालक, ह्यो कोन अर्धा मीटर मागं घ्या, मग डोळं झाकून वळवतो.' अर्धा मीटर मागे घेतला, आणि बंब एकाही कोनाला न शिवता गेला. पक्क्या बांधकामात कडा आहे ती त्यांनी बुटाने ओढलेल्या रेघेवरच. कुठलाही आराखडा करणाऱ्याने ही चाचणी नक्की घ्यावी. पुढे हरकत कुणी घेतलीच नाही.

फुलवाल्या आक्कांचा गाडा नेमका नव्या पट्ट्याच्या तोंडावर येत होता. त्या म्हणाल्या, 'दादा, हलवायचं म्हंता तर हलवा, पर माझं गिऱ्हाईक बसथांब्यावरनं येतंय. तिथनं लांब नगा टाकू.' पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्यांना असं मनाला येईल तसं उठवता येत नाही, आणि उठवूही नये. याच लोकांमुळे रस्त्यावर रात्री नऊपर्यंत वर्दळ राहते, बायका-पोरींना निर्धास्त वाटतं. गाडे पट्ट्यापासून थोडे पुढे, वाढवलेल्या फूटपाथच्या मागच्या बाजूला पिवळ्या चौकोनांत घेतले. चालायला १.८ मीटर मोकळे राहिले पाहिजेत, आयआरसीत किमान तेवढं सांगितलंय. रिक्षा थांबा मात्र हलवावाच लागला, कारण रांगेतल्या पहिल्या रिक्षाआडून निघालेलं मूल गाडीवाल्याला दिसतच नव्हतं. बसथांबा पट्ट्याच्या पुढे गेला, म्हणजे उतरलेली माणसं बसच्या मागून ओलांडतात. एसटीकडून त्यासाठी पत्र लागतं, ते लवकर मिळालं.

प्रयोगाच्या पंधरवड्यात वहीत पायी चालणाऱ्याचा एकही अपघात लिहावा लागला नाही. एवढ्या थोड्या दिवसांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मला कळतं, पण तो रिकामा रकाना बघून भरून आलं.

मग थांबणं आलं. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली, ती जूनमध्ये उठली. तोवर पाऊस. जुलैत कृष्णेचं पाणी चढायला लागलं की इथे सगळी यंत्रणा आयर्विन पुलाच्या पातळीकडे डोळे लावून बसते: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ते योग्यच आहे. ज्यांनी २०१९ चा पूर पाहिलाय ते त्या दिवसांत फूटपाथची फाईल घेऊन कुणाकडे जाणार नाहीत. पाऊस ओसरल्यावर अंदाजपत्रक झालं, अठरा लाखांच्या आत. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. यात एका टेबलावर फाईल बरीच अडकली. शिव्या देऊन उपयोग नव्हता. दर आठवड्याला ठरलेल्या वारी जायचं, जावक नंबर विचारायचा, तो वहीत लिहायचा, निघायचं. कार्यादेश ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. नियम असा, की कार्यादेश निघाला असला तरी प्रत्यक्ष जागेवर काम सुरू झालेलं नसेल तर ते सुरू करता येत नाही. सुरू असलेलं चालू ठेवता येतं. ठेकेदाराची एक कुदळ आधी पडली असती तर दीड महिना वाचला असता. निवडणुका जवळ असतील तर हे डोक्यात ठेवावं.

डिसेंबर २०२४ मध्ये खुदाई सुरू झाली. पहिले काही आठवडे सगळ्यात वाईट. धूळ, आवाज, दुकानासमोर फळी टाकून ये-जा. गिऱ्हाईक घटलं, घरात कुरबुर झाली, ज्यांनी सह्या दिल्या होत्या तेही तोंड फिरवायला लागले. एक पाण्याची लाइन फुटली. महावितरणचा खांब हलवायला वेगळा अर्ज, वेगळी रक्कम, आणि तो हलेपर्यंत त्या बाजूचं काम बंद. कोपऱ्यावरचा कडुनिंब आड येतो म्हणून काढायचा विषय निघाला. झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते हे दाखवलं, आणि अभियंत्यांनी पुढे आणलेल्या फूटपाथच्या पोटातच झाड घेतलं, बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी सोडून. आता तिथेच लोक सावलीला उभे राहून सिग्नल नसतानाही आपापला अंदाज घेऊन ओलांडतात.

काम चालू असताना रोज चक्कर मारावी, भांडायला नाही, बघायला. अंधांसाठीच्या उठावदार फरशा दोन प्रकारच्या असतात: लांब रेघांच्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपक्यांच्या म्हणजे थांबा. आमच्याकडे पट्ट्याच्या तोंडाशी रेघांच्या बसवायला घेतल्या होत्या, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाला थेट रहदारीत चालत जा असं सांगणं. मिस्त्रींना समजावल्यावर त्यांनी लगेच बदलल्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फूटपाथची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर म्हातारी माणसं चढत नाहीत, खालूनच चालतात. ओलांडायचा पट्टा दहा सेंटिमीटर उंच, वर सपाट, दोन्हीकडे उतार असा केला. आपल्याकडे रातोरात डांबराचा वीतभर जाडीचा उंचवटा टाकतात, त्याने पाठीचे मणके जातात आणि दुचाकी घसरतात. आयआरसीचा गोल गतिरोधकही दहा सेंटिमीटर उंच असतो, पण ३.७ मीटर रुंद. पाण्यासाठी पट्टा आणि फूटपाथ यांच्या मध्ये चर सोडून त्यावर लोखंडी जाळी टाकली. जाळीच्या पट्ट्या चाकाला आडव्या हव्यात, उभ्या असल्या तर सायकलचं चाक आत जातं. रंग थर्माप्लास्टिकचा असेल तर त्यात काचेचे बारीक मणी टाकलेत का, ते रात्री गाडीचा दिवा टाकून बघावं. चमकला नाही तर बिल निघायच्या आत सांगावं.

मार्चअखेर काम झालं. दोन दिवस लोक बिचकले, मग अंगवळणी पडलं. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. ती बातमी मी दुकानाच्या काचेवर लावली.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात मी आणि कनिष्ठ अभियंता दोघेही छत्री घेऊन चराशी उभे होतो. पाणी गेलं. पालापाचोळा अडकला की मात्र तुंबतं, म्हणून जाळीची सफाई आठवड्याच्या यादीत घालून घेतली. शिक्षिकाबाई आता वॉकर घेऊन येतात. मध्ये थांबतात, वॉकर नीट टेकवतात, मग पुढे निघतात. येणाऱ्या गाड्या थांबतात, सगळ्या नाही, पण बऱ्याच.

राहिलेलंही सांगतो. गर्दीत दुचाकी फूटपाथवर चढतात. त्यांना अडवायला रोवलेल्या आखूड खांबांमधलं, म्हणजे बोलार्डमधलं अंतर व्हीलचेअर जाईल इतकं ठेवावं लागतं, तेवढ्यातून मोटारसायकलही जातेच. तिथे वाहतूक पोलीसच हवा, आणि तो संध्याकाळी रोज नसतो. समविषम तारखेच्या पार्किंगसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ खालची अधिसूचना, हरकती-सूचना मागवून, अजून व्हायची आहे. मोठ्या रस्त्याला मिळणारा तुकडा दुसऱ्या खात्याकडे असल्याने तिथे पट्टा जुनाच आहे. त्यासाठी नवा अर्ज गेलाय, पोच माझ्याकडे आहे. पावसाळ्यात उखडलेल्या चार फरशा आणि एका बाजूचा फिकट झालेला रंग दोषदायित्व कालावधीत ठेकेदाराकडून फुकट करून घ्यायचाय. त्याची मुदत कार्यादेशातच लिहिलेली असते, म्हणून काम सुरू होतानाच कार्यादेशाची प्रत मागून घ्यावी. मी फोटोंवर तारीख टाकून पत्र दिलंय, पुढच्या आठवड्यात संयुक्त पाहणी आहे.